फेलो जातात, कार्यभार कोणाकडे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुख्यमंत्री फेलोशिपची एखादी तुकडी बारा महिन्यांची मुदत पूर्ण करते, प्रमाणपत्रे दिली जातात, छायाचित्रे छापून येतात आणि पुढच्या तुकडीची चर्चा सुरू होते. तरुण व्यावसायिकांना शासनाचे काम जवळून दाखवावे आणि त्यांच्यातील नेतृत्वगुणांना वळण द्यावे, हा या उपक्रमाचा हेतू आहे व त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. परंतु कार्यक्रम यशस्वीपणे पूर्ण झाला, असे जाहीर करताना आपण केवळ फेलोचा विचार करतो. ज्या कार्यालयात तो वर्षभर वावरला, त्या कार्यालयाच्या हाती त्याच्या शेवटच्या दिवशी काय राहिले, हे कोणी विचारत नाही. मराठवाड्यातील एका पंचायत समितीतून विस्तार अधिकारी (सांख्यिकी) या पदावरून मी निवृत्त झालो असून, टेबलाच्या अलीकडच्या बाजूने जे पाहिले त्याच्या आधारे हे पत्र लिहीत आहे.

ज्यांना या योजनेची फारशी माहिती नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही फेलोशिप २०१५ मध्ये श्री. देवेंद्र फडणवीस यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या पहिल्या कारकिर्दीत सुरू झाली, सरकार बदलल्यानंतर काही काळ बंद राहिली आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. नियोजन विभागाच्या अखत्यारीतील अर्थ व सांख्यिकी संचालनालय ती राबवते. आमच्याच विषयाचे संचालनालय असल्यामुळे मला तिच्याविषयी थोडा अधिक जिव्हाळा वाटतो, हेही कबूल करायला हरकत नाही. पदवीला किमान ६० टक्के गुण, एक वर्षाचा कामाचा अनुभव, २१ ते २६ हे वय आणि मराठीचे चांगले ज्ञान अशा अटींतून, ऑनलाइन परीक्षा, निबंध व मुलाखत अशा टप्प्यांतून साठ जणांची निवड होते. त्यांना गट-अ अधिकाऱ्याच्या समकक्ष दर्जा मिळतो. २०२३ मध्ये छात्रवृत्ती दरमहा ७० हजार रुपये आणि प्रवासखर्चापोटी आणखी ५ हजार रुपये अशी होती. कामाच्या जोडीला आयआयटी मुंबईचा सार्वजनिक धोरणविषयक अभ्यासक्रमही असतो. एका तरुणाला किंवा तरुणीला पंचविशीच्या आसपास याहून चांगली संधी शासनाने क्वचितच दिली असेल.

आता कार्यालयाकडे वळू. शासकीय नोकरीत बदली झालेला, बढती मिळालेला किंवा निवृत्त होणारा प्रत्येक कर्मचारी आपला कार्यभार सोपवूनच खुर्ची सोडतो. प्रभार यादी तयार होते. किती नस्त्या (फाइली) चालू आहेत, किती प्रलंबित आहेत, कोणती रजिस्टरे कोठवर भरली आहेत, कपाटाच्या किल्ल्या किती, कोणत्या संगणक प्रणालीचा लॉगिन कोणाच्या नावे आहे, हे सारे तिच्यात लिहिले जाते, देणारा व घेणारा दोघेही खाली सही करतात आणि एक प्रत आस्थापना शाखेत जाते. यात पुष्कळदा निव्वळ उपचार असतो, हे मी जाणतो. तीन वर्षांपूर्वीच्या यादीवरची तारीख बदलून तीच यादी पुढे सरकवणारे महाभागही मी पाहिले आहेत. तरीही काम माणसाबरोबर निघून जाऊ नये, हा तिच्यामागचा विचार पक्का आहे. वर्षभर गट-अ समकक्ष दर्जाने काम केलेल्या, आढावा बैठकीत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या शेजारी बसलेल्या आणि चार-चार विभागांची माहिती एकत्र करणाऱ्या फेलोकडून मात्र आमच्या कार्यालयात अशी यादी कोणी मागितली नाही. एक सादरीकरण झाले, निरोपाचा चहा झाला आणि फेलोची पाठ फिरली.

याचा परिणाम काय होतो, हे एका उदाहरणाने सांगतो. आमचा तालुका बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातला. पाऊस बेभरवशाचा असल्यामुळे दसरा-दिवाळीनंतर गावेच्या गावे ऊसतोडीला जातात. अशा तालुक्यात प्रधानमंत्री आवास योजनेची, म्हणजे लोकांच्या भाषेत घरकुलाची, कामे पहिला हप्ता घेतल्यानंतर अडून राहतात, ही जुनी तक्रार होती. सपाट भागातील लाभार्थ्याला या योजनेतून १ लाख २० हजार रुपये टप्प्याटप्प्याने मिळतात, रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी मिळते, शौचालयाचे १२ हजार वेगळे मिळतात. जोते झाले की छायाचित्र घेऊन जिओ टॅगिंग करायचे, मग पुढचा हप्ता सोडायचा, अशी पद्धत आहे. आढावा बैठकीत मात्र विचारणा होते ती गावनिहाय अपूर्ण घरकुलांच्या आकड्याची. ज्या गावचा आकडा मोठा, त्या गावच्या ग्रामसेवकाला उभे केले जाते, तो मान खाली घालून ‘पंधरा दिवसांत करून घेतो, साहेब’ म्हणतो आणि पुढच्या बैठकीत आकडा जवळपास तोच असतो.

जिल्हा परिषदेत नेमलेल्या एका फेलोकडे आमच्या तालुक्याचे हे काम आले. स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेली शहरातली मुलगी. पहिल्या महिन्यात तिच्याविषयी कार्यालयात जे बोलले गेले ते येथे लिहिण्यासारखे नाही. ‘मंत्रालयाचा कॅमेरा’ हा त्यातला सौम्य शब्द. वीस-वीस वर्षे नोकरी केलेल्या लिपिकाला तिची छात्रवृत्ती ऐकून जे वाटायचे ते वाटलेच, आणि ते अस्वाभाविक नव्हते. तिने मात्र हे फारसे मनावर घेतले नाही. ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याच्या दुचाकीवर मागे बसून ती वस्त्यांवर फिरली, ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकांशी मैत्री केली आणि अपूर्ण घरकुलांची यादी गावाप्रमाणे न मांडता अडचणीच्या कारणाप्रमाणे मांडली.

सांगायला ही गोष्ट साधी वाटते. पण आम्ही इतकी वर्षे आकडे गोळा करणारी माणसे असूनही यादीकडे तसे पाहिले नव्हते, कारण वरून आलेला नमुना गावनिहाय होता आणि नमुना भरून दिला की आमचे काम संपत होते. तिच्या मांडणीत दिसले ते असे. काही लाभार्थ्यांकडे स्वतःच्या नावाची जागाच नव्हती, घर भावाच्या नावच्या नमुना आठवर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या मिळकत नोंदीवर, चालले होते व भावाने मध्येच हरकत घेतली होती. काहींचे आधारवरचे नाव आणि बँक खात्यावरचे नाव जुळत नसल्यामुळे हप्ता जमाच झाला नव्हता, आणि हे त्यांना कोणी सांगितले नव्हते; ते बिचारे हप्ता यायचा आहे म्हणून थांबले होते आणि आमच्या नोंदीत ‘लाभार्थी उदासीन’ असा शेरा होता. काहींच्या घरात आजारपण किंवा लग्न निघाले आणि पहिला हप्ता तिकडे गेला. काही ठिकाणी वाळू मिळत नव्हती, मिळाली तरी परवडत नव्हती. आणि सर्वांत मोठा गट होता ऊसतोडीला गेलेल्यांचा.

या शेवटच्या गटाविषयी तिने जे शोधून काढले ते मला आजही फार मोलाचे वाटते. शासनाचे वर्ष मार्चअखेरीस संपते, त्यामुळे घरकुले पूर्ण करण्याचा तगादा जानेवारी ते मार्च या काळात सर्वांत जास्त असतो. नेमक्या त्याच काळात घरातला कर्ता पुरुष आणि त्याची बायको, म्हणजे मुकादमाच्या हिशेबातला एक कोयता, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या थळावर असतात, आणि घरी म्हातारी माणसे व शाळेत जाणारी एखाद-दुसरी पोरे राहतात. म्हाताऱ्या आईला बांधकामाचा तगादा करून काय होणार? उलट हंगाम संपवून माणसे पाडव्याच्या आगेमागे परत येतात, तेव्हा मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, फिटून हाती काही उरले असेल तर तेही असते आणि मृगापर्यंत दोन-अडीच महिने मोकळेही असतात. तिचे म्हणणे असे की, अशा कुटुंबांचा पहिला हप्ता ते परत येण्याच्या सुमारास जमा होईल असे मंजुरीचे वेळापत्रक आखावे, जोत्याची पाहणी आठवड्याच्या आत व्हावी, म्हणजे पावसाळ्यापूर्वी छतापर्यंत काम जाईल. आणि ज्यांचे राहील त्यांचे दिवाळीपूर्वी, गाडीत बसण्याआधी, उरकून घ्यावे. यासाठी नवा निधी नको होता, नवा शासन निर्णयही नको होता. तालुक्याने आपल्या कामाची तारीखवार आखणी बदलायची होती, एवढेच.

त्या वेळच्या गटविकास अधिकाऱ्यांनी, त्यांना त्याचे श्रेय दिलेच पाहिजे, हे ऐकून घेतले. बँकेच्या शाखाधिकाऱ्यांना बसवून नावांच्या तफावतीचे शिबिर घेतले, जागेच्या प्रकरणांसाठी ग्रामपंचायतींत वेगळा दिवस ठेवला. एका हंगामात फरक दिसू लागला; किती ते मी आकड्यात सांगत नाही, कारण तो कागद आज माझ्यासमोर नाही. कागद समोर नाही, हीच तर या पत्रामागची व्यथा आहे.

फेलोची मुदत संपली. तिने सादरीकरण केले, ते उत्तम होते असे ऐकले. काही महिन्यांत गटविकास अधिकारी बदलले, घरकुलाचे टेबल सांभाळणारा लिपिक दुसऱ्या विभागात गेला, कंत्राटी अभियंता नोकरी सोडून गेला. पुढच्या वर्षीचे उद्दिष्ट आले तेव्हा नव्या साहेबांनी पूर्वीची माहिती मागवली. कारणनिहाय यादी तिच्या स्वतःच्या ईमेल खात्यावरील तक्त्यात होती. ज्यांना तिने तो तक्ता पाहण्याची परवानगी दिली होती ते सगळे जागेवरून हलले होते. कार्यालयाच्या दप्तरात होती ती फक्त सादरीकरणाची छापील प्रत, आणि तिच्यात जिओ टॅगिंगची छायाचित्रे, दोन आलेख व आभाराचे पान. पुन्हा गावनिहाय नमुना आला, पुन्हा जानेवारीत तगादा सुरू झाला आणि पुन्हा ग्रामसेवक बैठकीत उभे राहू लागले. मी त्याच सुमारास निवृत्त झालो.

यात त्या मुलीचा दोष नाही, हे मी मुद्दाम लिहितो, कारण अशा प्रसंगी ‘हे लोक बायोडेटासाठी येतात’ असे म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे सवय आहे. बायोडेटासाठी येत असले तरी माझी काही हरकत नाही. पंचविशीतल्या माणसाने पुढच्या नोकरीचा, परदेशी शिक्षणाचा किंवा लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीचा विचार करू नये, असे म्हणणे ढोंगीपणाचे होईल. तिला कार्यभार सोपव, असे कोणी सांगितले नाही आणि कोणाकडे सोपवायचा तो माणूसही ठरवून दिला नव्हता. कार्यालयीन ईमेल खातेही तिला मिळाले नव्हते. ज्याला घरच्या खोलीची किल्लीच दिली नाही, त्याने सामान बाहेर का ठेवले, असे विचारण्यात अर्थ नाही.

तरुणांना सार्वजनिक कामाचे पद्धतशीर शिक्षण द्यावे, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. नामदार गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा सदस्यासाठी पाच वर्षांचे शिक्षण ठरवले होते आणि त्यात अभ्यासाइतकेच देशभरच्या प्रवासालाही स्थान होते. १९१५ मध्ये गांधीजी आफ्रिकेतून परतले, तेव्हा त्यांनाही गोखल्यांनी वर्षभर देश पाहा, सार्वजनिक प्रश्नांवर बोलू नका, असाच सल्ला दिला. त्या व्यवस्थेत प्रभार यादीची गरज नव्हती, कारण शिकणारा माणूस पुढे आयुष्यभर तेथेच राहणार होता. त्याच्या डोक्यातले ज्ञान संस्थेतच राहत होते. आज आपण कोणाकडून आयुष्य मागत नाही, मागूही नये. बारा महिने मागतो. मुदत जितकी छोटी, तितकी मागे राहणाऱ्या कागदाची किंमत वाढते, हे साधे गणित मात्र आपण योजना आखताना विसरलो आहोत.

आणि हे एकाच योजनेपुरते नाही. केंद्राने २०१२ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या साहाय्याने पंतप्रधान ग्रामविकास फेलो नक्षलग्रस्त जिल्ह्यांत पाठवले, त्यांत आपले गडचिरोली आणि गोंदियाही होते. पुढे राज्यात ग्राम सामाजिक परिवर्तन अभियान आले आणि एक हजार गावांचे उद्दिष्ट ठेवून मुख्यमंत्री ग्राम परिवर्तक नेमले गेले. त्यांतले कितीतरी जण मनापासून राबले. त्यांना आजही त्या गावांची, तिथल्या माणसांची नावे पाठ असतील. पण तालुक्याच्या कचेरीत जाऊन त्यांच्या कामाचा कागद मागितला, तर कोणत्या टेबलाकडे जायचे हे सांगणारा कोणी भेटेल, असे मला वाटत नाही.

याउलट गडचिरोलीतील ‘सर्च’ या संस्थेच्या शोधग्राम परिसरात डॉ. अभय व राणी बंग यांनी २००६ पासून चालवलेल्या ‘निर्माण’ या तरुणांसाठीच्या उपक्रमाचा विचार करावा. तेथे शिबिर संपले म्हणजे संबंध संपला असे होत नाही. जुने शिबिरार्थी नव्यांना मार्गदर्शन करतात, आपापल्या कामाचे अनुभव लिहून एकमेकांना कळवतात. ती स्वयंसेवी संस्था आहे, तिच्या मोजपट्टीने शासनाला मोजणे अन्यायाचे होईल, हे मान्य. परंतु तिच्याकडे नसलेली एक गोष्ट शासनाकडे आहे, ती म्हणजे दप्तर. ज्या यंत्रणेकडे शंभर-शंभर वर्षांपूर्वीचे फेरफार जपून ठेवलेले आहेत, तिला एका वर्षापूर्वीचा तक्ता सापडू नये, याला साधनांचा अभाव हे कारण देता येणार नाही.

माझी सूचना अगदी मर्यादित आहे. फेलोच्या नियुक्तिपत्रातच अशी अट घालावी की, शेवटचे सहा आठवडे नवे काम न घेता कार्यभार सोपवण्यासाठी राखून ठेवले जातील. या काळात फेलोने मराठीत, साध्या भाषेत, एक कार्यभार टिपण लिहावे: प्रश्न काय होता, माहिती कोठून व कशी गोळा केली, कोणता उपाय करून पाहिला, कोणता फसला, अर्धवट राहिलेले काय आहे आणि पुढच्या माणसाने सर्वप्रथम कोणाला भेटावे. फसलेल्या उपायांचा उल्लेख मी जाणूनबुजून केला आहे. सादरीकरणात यश दिसते, पण पुढच्या माणसाचे सहा महिने वाचवते ती फसलेल्या प्रयोगाची नोंद. हे टिपण आवक नोंदवहीत रीतसर नोंदवावे, त्यावर कार्यालयप्रमुखाची पोच घ्यावी आणि मगच प्रमाणपत्र द्यावे. तक्ते, प्रश्नावल्या, छायाचित्रे हे सगळे कार्यालयीन खात्यावरच ठेवण्याची सोय पहिल्या दिवशी करून द्यावी. बाराव्या महिन्यात ती आठवण होऊन उपयोग नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट घेणाऱ्या माणसाची आहे. फेलो रुजू होतो त्याच दिवशी त्या कार्यालयातील एक कायम कर्मचारी त्याचा जोडीदार म्हणून नेमावा. तो वरिष्ठ असण्याची गरज नाही. उलट दहा-बारा वर्षे नोकरी शिल्लक असलेला वरिष्ठ सहायक, विस्तार अधिकारी किंवा हल्ली ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांपैकी एखादा उत्साही माणूस असावा. त्याने फेलोबरोबर फिरावे, शक्य झाल्यास त्याच्यासाठी यशदा या शासनाच्या प्रशिक्षण संस्थेत छोटा वर्ग घ्यावा, आणि वर्षअखेरीस त्यालाही प्रमाणपत्र देऊन त्याची नोंद सेवापुस्तकात घ्यावी. सेवापुस्तकातील दोन ओळींची किंमत बाहेरच्या माणसाला कळणार नाही; ज्याने आयुष्यभर त्या पुस्तकात फक्त वेतनवाढीच्या आणि रजेच्या नोंदी पाहिल्या आहेत, त्याला ती बरोबर कळते. ‘मंत्रालयाचा कॅमेरा’ हा शब्दही त्यामुळे थोडा कमी ऐकू येईल, कारण ज्या कामात आपले नाव आहे ते काम पाडण्यात कोणाला रस नसतो. आणि नेतृत्व शिकायचे ते दोघांनीही. शहरातल्या अभियंत्याने टिप्पणी कशी चढवावी आणि कोणत्या वेळी गप्प बसावे हे शिकावे. कचेरीतल्या माणसाने नमुन्याबाहेरचा प्रश्न कसा विचारावा हे शिकावे.

यावर दोन आक्षेप येतील, याची मला कल्पना आहे. पहिला असा की, बारा महिन्यांतले सहा आठवडे कागदपत्रांत घालवले तर कामाला वेळ किती राहिला? माझा अनुभव असा की, शेवटच्या दीड-दोन महिन्यांत फेलोचे लक्ष तसेही पुढच्या अर्जांकडे व मुलाखतींकडे लागलेले असते. तो वेळ आज कोठेच जमा होत नाही. दुसरा आक्षेप उघडपणे कोणी घेणार नाही, पण खरा अडथळा तोच आहे. कारणनिहाय यादी दप्तरात राहिली की तिला उत्तर द्यावे लागते. ‘लाभार्थी उदासीन’ या शेऱ्याला कोणी जबाबदार नसतो. ‘नाव न जुळल्याने हप्ता जमा नाही, लाभार्थ्यास कळवले नाही’ या वाक्याला मात्र कोणीतरी जबाबदार असतो. सादरीकरणाच्या पडद्यावर अशी वाक्ये चालतात, कारण दिवे लागले की ती जातात. नस्तीत ती राहतात, लेखापरीक्षकाच्या दृष्टीस पडतात, माहिती अधिकारात बाहेर येतात. म्हणूनच ही गोष्ट कार्यालयाच्या इच्छेवर सोडून चालणार नाही आणि म्हणूनच ती टिपणे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार संचालनालयाने स्वतःहून संकेतस्थळावर ठेवावीत, अशी माझी मागणी आहे. लाभार्थ्यांची वैयक्तिक माहिती वगळली म्हणजे झाले. साठ टिपणांना फार जागा लागत नाही.

जाता जाता आणखी एक. २०२४ मध्ये शासनाची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना सुरू झाली. तिच्यातून बारावी, आयटीआय किंवा पदविका, आणि पदवी अशा पात्रतेनुसार ६, ८ व १० हजार रुपये विद्यावेतनावर तालुक्यातलीच मुले-मुली शासकीय कार्यालयांत येऊ लागली. आधी सहा महिन्यांसाठी, नंतर ती मुदत अकरा महिन्यांपर्यंत वाढवली गेली. त्यांच्या कायम नोकरीच्या मागणीवर मी येथे बोलत नाही, तो वेगळा आणि मोठा विषय आहे. पण कोणत्या वस्तीवरचे किती कोयते कोणत्या मुकादमाबरोबर गेले आणि ते कधी परतणार, हे त्यांना एका फोनवर कळते, कारण त्यांतल्या कित्येकांचे आईवडीलच त्या गाडीत असतात. फेलोची ती यादी दप्तरात असती, तर या मुलांनी ती दर हंगामाला अद्ययावत ठेवली असती आणि झेरॉक्स काढणे व टपाल वाटणे यापलीकडचे काम त्यांना मिळाले असते. तरुणांसाठीच्या या दोन योजना एकाच कार्यालयाच्या दारातून आत येतात. त्यांची एकमेकींशी ओळख करून देण्याचे काम नियोजन आणि कौशल्य विकास या दोन विभागांनी मिळून करायला हवे.

नव्या तुकडीसाठी नियम करणे सोपे आहे, पण आधीच्या तुकड्यांचे काम अजून पूर्णपणे हरवलेले नाही, हेही लक्षात घ्यावे. बहुतेक फेलोंनी आपापले तक्ते व अहवाल जपून ठेवले असतील. संचालनालयाकडे त्या सर्वांचे पत्ते आहेत. त्यांना एक पत्र पाठवून ही सामग्री मागवावी आणि ज्या-त्या जिल्हा परिषदेला, महापालिकेला किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला पोच घेऊन सोपवावी. मध्यंतरी त्या फेलो मुलीशी माझे फोनवर बोलणे झाले. घरकुलांचा तो तक्ता तिच्याकडे अजून आहे आणि तो द्यायला ती तयार आहे. कोणाच्या नावे आणि कोणत्या पत्त्यावर पाठवायचा, एवढेच तिने विचारले. मला ते सांगता आले नाही. तो पत्ता अर्थ व सांख्यिकी संचालनालयाने जाहीर करावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विस्तार अधिकारी (सांख्यिकी), पंचायत समिती, मराठवाडा